कोलोनोस्कोपी उद्या असेल तर आजची संध्याकाळ मोकळी ठेवा

आमच्या काकांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, दोनदा झाली. गरज एकदाचीच होती. पहिल्या वेळी पंधराच मिनिटांत डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या हातात एक फोटो ठेवला. गढूळ पिवळं पाणी आणि त्यात विखुरलेले बारीक टणक दाणे. "ये देखिए, जाम के बीज," ते म्हणाले. इंदूरच्या बाजारात पेरूला जाम म्हणतात. दोन दिवसांपूर्वी काकांनी जिरावण मसाला भुरभुरून दोन पेरू खाल्ले होते. शिवाय पोट साफ करायच्या पावडरच्या पाण्याचा शेवटचा अर्धा लीटर त्यांनी गुपचूप बेसिनमध्ये ओतला होता. हे दुसरं त्यांनी कबूल केलं ते चार दिवसांनी, काकू घरात नसताना.

तेव्हापासून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर असे कुठूनही नात्यातले, ओळखीचे फोन येतात: "अगं, यांना ती खालची दुर्बीण सांगितली आहे, काय काय करावं लागतं?" दर वेळी तेच सगळं सांगते, म्हणून आता लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही. स्वतःची एक, काकांच्या दोन आणि सासूबाईंची एक अशा चार तपासण्या जवळून पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं आहे. या लेखात आणि तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत कुठे फरक दिसला तर चिठ्ठी खरी माना.

आधी कागदावर काय लिहिलंय ते वाचा

"दुर्बीण" हा शब्द आपण तीन वेगळ्या तपासण्यांना वापरतो. तोंडातून जाते ती एंडोस्कोपी, म्हणजे वरची. खालून जाणाऱ्या दोन. सिग्मॉइडोस्कोपीत मोठ्या आतड्याचा फक्त शेवटचा, डावीकडचा भाग पाहतात, साधारण साठ सेंटिमीटर. तिच्यासाठी बहुतेकदा एनिमा पुरतो आणि गुंगीचं इंजेक्शनही लागतंच असं नाही. कोलोनोस्कोपीत सगळं मोठं आतडं, म्हणजे जवळजवळ दीड मीटर, पार अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत पाहतात. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः कोलोनोस्कोपीबद्दल. सिग्मॉइडोस्कोपी असेल तर पावडरचं प्रकरण बहुधा टळेल, बाकीचं लागू पडतं.

यंत्र म्हणजे करंगळीएवढी जाड, काळी, वाकणारी नळी. टोकाला कॅमेरा आणि दिवा, आतून एक बारीक बोगदा. त्या बोगद्यातून पाणी मारता येतं, घाण ओढता येते, चिमटा घालून तुकडा घेता येतो, तारेचा फास टाकून पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावरचा कोंब कापता येतो. पेरूच्या बिया नेमक्या याच बोगद्यात अडकतात. दुर्बिणीतून असा पॉलिप पहिल्यांदा कापला गेला तो 1969 साली न्यूयॉर्कमध्ये, वुल्फ आणि शिन्या या दोन डॉक्टरांच्या कामातून. त्याआधी यासाठी पोट उघडावं लागायचं. मोठ्या आतड्याचे बरेचसे कॅन्सर अशाच पॉलिपांतून वर्षानुवर्षं हळूहळू तयार होतात. पॉलिप काढला की ती वाट तिथेच बंद होते.

तपासणी सांगण्याची कारणं अनेक असतात. शौचातून रक्त, महिनोन्‌महिने बदललेली पोटाची सवय, कारण न सापडणारा ॲनिमिया, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण), आतड्याच्या टीबीची शंका. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर काही तक्रार नसतानाही चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यायला सांगतात. एक गोष्ट जरा चिडून सांगते. रक्त दिसलं की आपल्याकडे आधी "मूळव्याध असेल" म्हणायचं, मग ओळखीचा मलम, मग सुरणाची भाजी, आणि त्यात दोन वर्षं जातात. मूळव्याध असेलही. पण ती आहे आणि दुसरं काही नाही हे न बघता कळत नाही.

पंधरा दिवस आधी: औषधांची पिशवी घेऊन जा

तारीख घ्यायला जाल तेव्हा रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. नावं पाठ नसतात आणि "ती पांढरी, अर्धी" असं सांगून कुणाला काही कळत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी विचारा. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा नव्या प्रकारची कुठलीही असो, ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर अजिबातच नको. हृदयाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर यांनी ठरवायचं. साधी ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात.

लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो आणि धुतला जात नाही. इसबगोलही बंद.

मधुमेह असेल तर सगळ्यात जास्त प्रश्न विचारा. दिवसभर खाणं नाही आणि गोळी मात्र नेहमीची घेतली तर साखर धाडकन खाली येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका जास्त. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या डॉक्टर बहुधा तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं. आणि सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. मधुमेही माणसाला दुपारी दोनपर्यंत उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

मूत्रपिंडाचा किंवा हृदय अशक्त असल्याचा त्रास असेल तर कुठली पावडर चालेल ते विचारून घ्या. सगळी जुलाबाची औषधं सारखी नसतात. सोडियम फॉस्फेटचं औषध मूत्रपिंडाला इजा करू शकतं. औषधाच्या दुकानात "हे नाही, पण याच्यासारखंच आहे" म्हणून दुसरं दिलं तर घेऊ नका. जुनी बद्धकोष्ठता असेल तर तीही लाज न बाळगता सांगा. अशा माणसाला नेहमीची पावडर पुरत नाही, आधीचे दोन-तीन दिवस वेगळं औषध द्यावं लागतं. पेसमेकर, आधीची पोटाची ऑपरेशनं, गर्भपिशवी काढलेली असणं, भुलीचा आधीचा काही वाईट अनुभव, हे सगळं बोलून टाका.

पैशांचंही तेव्हाच विचारा. बायोप्सीचे, म्हणजे तपासायला तुकडा घेण्याचे, आणि पॉलिप काढण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात, भूलतज्ज्ञांचेही. मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केवळ तपासणीसाठी भरती झालात तर तो खर्च पॉलिसीत सहसा बसत नाही, "तपासणी व मूल्यमापन" या नावाने तो वगळलेला असतो. पॉलिप काढला तर गोष्ट बदलू शकते, म्हणून दवाखान्यातल्या टीपीएच्या, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्यांच्या, खिडकीवर आधीच बोलून ठेवा.

तारीख निवडताना पंचांगापेक्षा नळ बघा. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं हे पाहुण्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. पावडरच्या संध्याकाळी संडासाला दहा-बारा फेऱ्या होतात. टाकी कोरडी असेल तर काय होईल याची कल्पना करून बघा. शक्यतो पावडरचा दिवस हा नळ येऊन गेल्याचा दिवस असू दे आणि वरची टाकी, खालचे ड्रम सगळं भरून ठेवा. रंगपंचमीला गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या म्हणजे देखाव्यांची. राजवाड्याजवळ राहत असाल तर या दिवसांच्या आसपासची तारीख घेऊ नका, रिक्षासुद्धा आत येणार नाही. देवास, उज्जैन, महूहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री इंदूरातच कुणाकडे तरी मुक्काम करावा. पहाटेचा डोस पिऊन तास-दीड तास बसमध्ये बसणं शक्य नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळतं.

तीन दिवस आधी: इंदूरकराची खरी परीक्षा

नियम सोपा आहे. ज्यात बी, साल, रेषा, कोंडा किंवा दाणा आहे ते बंद. वाचायला सोपं, पण या गावात पाळायला अवघड.

कारण पोह्यांचंच घ्या. पोहे स्वतः निरुपद्रवी, तांदळाचेच. पण इंदूरी पोह्यांत बडीशेप असते, वर कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर. हे सगळं काढलं तर उरतो तो पिवळा भात. तेवढा खा. मक्याचा कीस नको, तळलेला कंद गराडू नको, जाडसर पिठाचे बाफले नकोत. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय आपण करत नाही, म्हणून तीही नको. उपास येत असेल तर देवाची माफी मागून सोडा. पालेभाज्या, मटकी-चवळीची उसळ, पेरू, डाळिंब, टोमॅटो, काकडी, वांगं, भेंडी, तीळ, खसखस, सुकामेवा, कोंड्यासकट गव्हाची पोळी, ज्वारीची भाकरी, सगळं बाजूला. शेवेबद्दल काकांनी वाद घातला की ती बेसनाची असते, बेसनाला साल नसते. बरोबर आहे. पण तिच्यात ओवा आणि मिरीचे दाणे असतात. शिवाय "थोडीशीच" हा शब्द आमच्या घरात कधी खरा ठरलेला नाही.

मग खायचं काय? मऊ वरणभात, वरण मुगाच्या सालीविरहित डाळीचं आणि फोडणीत मोहरी-जिरं न घालता. दहीभात. उकडलेला बटाटा साल काढून. रव्याचा पातळ उपमा, फक्त मीठ-तुपाचा. इडली. मैद्याचा साधा पाव, साधी बिस्किटं. दुधीची भाजी साल आणि बिया काढून. मांसाहारी असाल तर अंडं किंवा उकडलेली मासळी चालते. आजाऱ्याचं जेवण म्हणा ना. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे.

आदला दिवस

सकाळी हलकं काहीतरी खायची परवानगी असते. काही डॉक्टर तीही देत नाहीत. त्यानंतर फक्त आरपार दिसतील अशी पातळ पेयं. कसोटी अशी की काचेच्या ग्लासात ओतून मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता आला पाहिजे. नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, ओआरएस, गाळलेला सफरचंदाचा रस, वरणाचं वरचं नितळ पाणी मीठ घालून. दूध, ताक, लस्सी नाही. आणि शिकंजी म्हणजे लिंबूपाणी असं समजणाऱ्या नवख्यांनो, इंदूरची शिकंजी हे घट्ट, आटीव दुधाचं सुक्यामेव्यासकटचं प्रकरण आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. लाल-जांभळं काही पिऊ नका: कोकम सरबत, गुलाबाचं सरबत, लाल ग्लुकोज. आत ते रक्तासारखं दिसतं.

दुपारी तयारी करून ठेवा. संडासाच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू. बादली भरलेली, मग्गा, मऊ टॉवेल, खोबरेल तेलाची वाटी. खोबरेल आधीपासून लावा, कातडी सोलवटल्यावर नाही. पाचव्या फेरीला माझी आठवण येईल. नाडीचा पायजमा नको, इलॅस्टिकचा घाला. वयस्कर माणूस असेल तर संडासाला आतून कडी लावू देऊ नका, नुसतं दार लोटा. अंगातलं पाणी जातं, उठताना चक्कर येते आणि ओल्या फरशीवर पडून खुबा मोडणं हा तपासणीपेक्षा मोठा अपघात आहे. त्या रात्री घरात जागं राहणारं कुणीतरी हवं. गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीच्या संडासात बसवत नसेल तर खुर्चीचं कमोड आधीच मागवा. औषधांच्या दुकानात भाड्याने मिळतं, नाहीतर नात्यात कुणाकडे तरी माळ्यावर असतंच.

पावडरची संध्याकाळ

आपल्याकडे बहुतेकदा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. पेगलेक हे त्यातलं सर्रास ऐकू येणारं नाव. 137.15 ग्रॅमचं पाकीट दोन लीटर पाण्यात. ही पावडर आतड्यातून अंगात शोषली जात नाही. ती पाणी स्वतःजवळ धरून ठेवते आणि ते पाणी सगळा मळ घेऊन बाहेर पडतं. सोबत क्षार असतात म्हणून अंगातलं मीठ-पाणी फारसं बिघडत नाही. कमी पाण्यात घेण्याची सल्फेटची द्रवरूप औषधंही असतात. त्यांत औषधानंतर वेगळं साधं पाणी प्यावंच लागतं. ते चुकवू नका.

चव कशी असते? मिठाच्या पाण्यात कुणीतरी स्वस्तातलं लिंबाचं सरबत विसळल्यासारखी. पहिला ग्लास बरा लागतो, तिसऱ्याला माणूस गप्प होतो आणि पाचव्याला घरच्यांवर चिडतो. युक्त्या अशा: दुपारीच कालवून फ्रिजमध्ये ठेवा, गारच प्या. स्ट्रॉ वापरा आणि ती जिभेच्या मागच्या बाजूला ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, घोट घोट नाही तर एका दमात, आणि वरून लिंबाची पिवळी गोळी चघळा. लिंबू पिळायचं असेल तर डॉक्टरांना विचारून पिळा. साखर किंवा दुसरं सरबत मिसळू नका. मध्ये मध्ये खोलीत फिरा, बसून राहिलात तर पोट टम्म फुगतं. उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि मग हळू पुन्हा सुरू करा. पुन्हापुन्हा होत असेल, पोट दगडासारखं होऊन दुखत असेल आणि शौच होतच नसेल तर रेटू नका, दवाखान्यात फोन करा.

पहिला कॉल कधी येईल याचा नेम नाही. मला चाळीस मिनिटांत आला, सासूबाईंना अडीच तासांनी, तोवर त्या म्हणत होत्या की औषध नकली आहे.

आता काकांच्या बेसिनकडे येऊ. हल्ली पावडर दोन भागांत देतात: अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. संध्याकाळचं संपेपर्यंत पोट इतकं मोकळं झालेलं असतं की माणसाला वाटतं, झालं की आता, कशाला पहाटे उठायचं. इथेच फसगत होते. रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट पाणी खाली उतरत राहतं आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला त्याचा थर बसतो. उजवीकडे पॉलिप बरेचदा चपटे असतात आणि त्या थराखाली सहज लपतात. पहाटेचा डोस हा थर धुतो. म्हणून पाचचा गजर लावा. तपासणी अकराला असेल तर पाच-साडेपाचला सुरू करून शेवटचा ग्लास सात-साडेसातपर्यंत संपवायचा. भूल देण्याआधी किमान दोन तास पाण्याचा थेंबही नको. काही भूलतज्ज्ञ याहून जास्त वेळ सांगतात, तेव्हा नक्की वेळ लिहून घ्या. बीपीची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

साफ झालं हे ओळखायचं कसं? बघून. किळस वाटली तरी फ्लश करण्याआधी बघायचं. तपकिरी आणि गुठळ्या असतील तर अजून बराच वेळ आहे. तपकिरी गढूळ पाणी, अजूनही नाही. नारिंगी-पिवळं पण तळाशी गाळ, जवळ आलात. फिक्या पिवळ्या लघवीसारखं नितळ, तळ दिसतो, म्हणजे तयार. सगळं पिऊनही तपकिरीच येत असेल तर निघण्याआधीच फोन करून सांगा. कधी जादा डोस देतात, कधी एनिमा, कधी वेळ पुढे ढकलतात. लपवून काही उपयोग नाही. कॅमेऱ्यापुढे कुणाचंच खोटं टिकत नाही.

दवाखान्यात

सोबत एक मोठं माणूस हवंच, नाहीतर गुंगीचं इंजेक्शन देत नाहीत. सोडून परत जाणारं नव्हे, थांबून घरी नेणारं. दागिने, कवळी, घड्याळ घरी. जुने रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि कपड्यांचा एक जादा जोड सोबत. रिक्षात बसताना खाली टॉवेल घाला, एवढंच सांगते.

आत गेल्यावर मागून उघडा असलेला गाऊन देतात. लाज वाटते, वाटू दे. त्या खोलीत दिवसभर हेच चालतं, त्यांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. बाईंना लेडी सिस्टर सोबत हवी असेल तर आधी सांगावं, सोय करतात. संमतिपत्रावर सही करताना नुसती सही करू नका, धोके वाचा. आतड्याला भोक पडणं हा सगळ्यात गंभीर धोका. साध्या तपासणीत तो हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पॉलिप काढताना थोडा वाढतो. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढायला परवानगी आहे का हेही त्याच कागदात असतं. शक्यतो हो म्हणा, नाहीतर पावडरची संध्याकाळ पुन्हा.

हाताला सुई, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, डाव्या कुशीवर वळायचं आणि गुडघे पोटाशी. "बाबूजी, घुटने पेट से लगाओ," असं सिस्टरनी म्हणताच आमच्या काकांनी विचारलं, "और कितने?" गुंगीचं इंजेक्शन दोन प्रकारचं असतं. मिडॅझोलॅमसारखं दिलं तर अर्धवट जाग असते पण नंतर फार आठवत नाही. भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल देतात तेव्हा गाढ झोप लागते. मी अंक मोजायला सुरुवात केली आणि पुढची आठवण थेट रिकव्हरीतल्या पंख्याची. गुंगीशिवायही तपासणी करता येते. पोटात मुरडा येतो, विशेषतः डाव्या बाजूला वर जिथे आतडं वळतं तिथे, पण मग तुम्ही पडदा बघू शकता आणि लगेच घरीही जाता येतं.

डॉक्टर आधी जेली लावून बोटाने तपासतात, मग दुर्बीण. आतडं मिटलेलं असतं, ते उघडायला हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोट फुगल्यासारखं आणि शौचाला लागल्यासारखं वाटतं ते यामुळे. काही बाहेर येणार नाही, आत असतं ते सगळं कालच गेलं. मध्येच पाठीवर वळायला सांगतील किंवा सिस्टर पोट दाबून धरतील, त्याने नळीचा वेढा सुटतो. खरी पाहणी नळी बाहेर काढताना होते, म्हणून चांगले डॉक्टर परतीच्या वाटेवर किमान सहा मिनिटं घेतात. तुकडा घेताना दुखत नाही. आतड्याच्या अस्तराला ताण कळतो, कापणं कळत नाही. सगळं मिळून वीस ते चाळीस मिनिटं.

बाहेर आल्यावर

अर्धा-एक तास झोपवून ठेवतात. तिथे एकच काम, गॅस सोडणं. पडद्यापलीकडून शेजारचा पेशंट ऐकतोय हे मनात आणू नका, तोही तेच करतोय. गॅस अडला की पोट दुखतं आणि माणूस उगाच घाबरतो. डाव्या कुशीवर वळा, थोडं चाला.

डॉक्टर निष्कर्ष सांगायला येतात तेव्हा सोबतचं माणूस तिथे पाहिजे. गुंगीतला पेशंट डोळे उघडे ठेवून "हो हो" म्हणतो आणि घरी पोहोचेपर्यंत सगळं विसरतो. काकांनी दुसऱ्या वेळी डॉक्टरांचे तीनदा आभार मानले. तिन्ही वेळा त्यांना वाटत होतं की तपासणी अजून व्हायची आहे.

त्या दिवशी आणि पुढचे चोवीस तास गाडी चालवायची नाही, स्कूटरही नाही. बँकेच्या, घराच्या कागदांवर सही नाही. पहिलं जेवण हलकं, मऊ खिचडी किंवा पातळ भात. काही काढलं नसेल तर रात्रीपासून नेहमीचं. पाणी भरपूर प्या. बंद केलेल्या गोळ्या, मुख्यतः रक्त पातळ करणाऱ्या, पुन्हा कधी सुरू करायच्या ते लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. बायोप्सी घेतली असेल तर पहिल्या शौचात रक्ताची रेघ दिसू शकते. पण पोटात सतत वाढत जाणारं दुखणं, ताप, पोट कडक होणं, उलट्या, गुठळ्यांसकट बरंच रक्त, काळी डांबरासारखी शौच किंवा भोवळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि "कालच कोलोनोस्कोपी झाली" हे पहिल्या वाक्यात सांगा. मोठा पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो, तोवर लांबचा प्रवास नको.

रिपोर्टात दोन गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोहोचली का. आणि सफाई कशी होती. ती काही ठिकाणी बोस्टन स्केलवर देतात: आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 9. प्रत्येक भागाला किमान 2 मिळाले तर तपासणी विश्वासाची. काकांना पहिल्या वेळी एकूण 3 होते, दुसऱ्या वेळी 8. दुसऱ्या वेळी उजवीकडे एक लहान चपटा पॉलिपही सापडला, बरोबर त्याच जागी जिथे आधी बिया होत्या.

तुकडा किंवा पॉलिप लॅबमध्ये गेला असेल तर त्याचा रिपोर्ट वेगळा आणि काही दिवसांनी येतो. तो आपणहून घरी येत नाही. कुठल्या खिडकीवर, कुठल्या तारखेला, कुठली पावती दाखवून मिळेल ते निघतानाच विचारा. आमचा रिपोर्ट पंधरा दिवस तिथेच पडून होता, कारण काकूंना वाटलं मी आणला आणि मला वाटलं काकूंनी. तो घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटल्यावरच पुढची तपासणी किती वर्षांनी ते ठरतं. काकांना पाच वर्षांनी बोलावलंय. ती तारीख काकूंनी फ्रिजच्या दारावर चिकटवली आहे आणि खाली लाल शाईत एकच शब्द लिहिला आहे: पेरू.